कोयत्याने कापलेल्या छत्र्या

आधी डॉक्टर मॅडमचं सांगतो, मग तपासाचं. कुणाचंही नाव लिहायचं नाही असं मी ठरवलं आहे, त्यामुळे त्यांचंही लिहीत नाही. रावेरकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्या तेव्हा नव्याने आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी माझा फोन उचलला नसता, किंवा उचलून ‘काका, तुमचा तपास तुम्ही बघा’ एवढंच म्हणाल्या असत्या, तर एक तरणाताठा माणूस आरोपी म्हणून मेला असता आणि त्याचे कागद मीच नीट टाचून ठेवले असते. नोकरीत पुष्कळ प्रकरणं पाहिली, बरीचशी विसरलो. हे मात्र दर पावसाळ्यात उगवतं. बाजारात कुणी पांढऱ्या अळंबीचा वाटा पुढे केला की अजून मी दोन पावलं मागे सरतो.

मी मूळचा कोकणातला. शाळा सातवीनंतर सुटली. मामा भुसावळला रेल्वेत होते, त्यांच्यामागे इकडे आलो आणि पोलीस शिपाई म्हणून भरती झालो. त्या काळात एवढं शिक्षण चालून जात होतं. पुढे सहायक उपनिरीक्षक झालो, पण जबाब लिहायला बसलो की मनात धाकधूक असायचीच. एखादा शब्द चुकला तर? कोर्टात वकील हसले तर? त्यामुळे मी माणसांना दोनदा विचारायचो. लोक कंटाळायचे. ‘जमादार, आताच तं सांगितलं ना!’ असं म्हणायचे. मी म्हणायचो, सांगा की परत, आमच्या कोकणात कान जरा जाड असतात.

ते दिवस श्रावणाचे होते. पोळा एका दिवसावर आलेला. सकाळी दवाखान्यातून एमएलसीचा कागद आला, म्हणजे पोलिसांना कळवलंच पाहिजे असा रुग्ण दाखल झाला होता. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि चौकशी माझ्याकडे दिली. केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम आणि त्याची बायको, दोघांना उलट्या-जुलाब. संशय विषप्रयोगाचा.

मुकादम चाळिशीचा, शिंदखेड्याकडचा. सलाईन लावलेली होती, तरी आवाज दणदणीत.

“संशय कोणावर आहे?” मी विचारलं.

“संशय कसाना, जमादार? मना सालाच! त्यानीच सकायले चहा करा. आम्ही पिना, आन सूर्य वर येत नही तं दोन्ही ओकाले लागनूत. तो कोठे शे? पयी गया!”

साला म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. पंचविशीचा गडी, त्याच टोळीत कामाला. आदल्या दिवशी दोघांची सगळ्या टोळीदेखत जुंपली होती. पोराला पोळ्यासाठी धुळ्याकडे, आपल्या गावी जायचं होतं. मुकादम म्हणाला, गाड्या भरायच्या बाकी आहेत, बैल काय तुझी वाट पाहत उपाशी बसलेत? पोरगा म्हणाला, “दाजी, तुम्हाला पाहून घेईन.” सकाळी त्याने झोपडीतल्यांना चहा दिला आणि केळीच्या गाडीत बसून निघून गेला. त्याचा फोन बंद होता.

शेजारच्या खाटेवर मुकादमाची बायको मुटकुळं करून पडली होती. ती क्षीण आवाजात म्हणाली, “मना भाऊ तापट शे, भाऊसाहेब. पन इख घालाव नही तो.”

“तू गप ऱ्हाय,” मुकादम गरजला आणि लगेच बादलीकडे वळला.

रात्री काय खाल्लं, हेही मी विचारलं. “भाकर-भाजी,” तो म्हणाला. मी लिहून घेतलं.

मोठ्या साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “भांडण आहे, धमकी आहे, चहा त्याच्या हातचा, आणि गडी पळाला. नक्की पाणी मुरतंय. धुळ्याला बिनतारी संदेश पाठवतो, दिसताच ताब्यात घ्या म्हणून. तुम्ही घटनास्थळ बघून या.”

टोळीच्या झोपड्या केळीच्या बागेला लागून होत्या. तिथे पोचलो आणि पहिल्यांदा काय दिसावं? चुलीपासून हातभर अंतरावर फवारणीच्या औषधाचा डबा! माझ्यासोबत गाडीवरचा शिपाई होता, जवान पोरगा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू सामना जिंकलाच. पंचांना बोलावलं. डबा, चहाचं पातेलं, उरलेलं दूध, चहाची पूड, सगळं मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतलं. पण या वस्तू तपासणीला जाणार, तिकडून उत्तर यायला कितीतरी आठवडे लागणार. तोवर आरोपी आत आणि खरं काय ते देव जाणे.

मुकादमाची म्हातारी आई झोपडीच्या दारात बसली होती. सगळे तिला अक्का म्हणत. अंगाने वाळकी, पण तोंडाने खणखणीत.

“अक्का, सकाळी चहा तुम्ही घेतला का?”

“घिदा ना. दोन डाव घिदा. साखर मस्त टाकेल व्हती पोऱ्यानी. माले गोड आवडस.”

“आणि तुम्हाला काही झालं नाही?”

“माले काय व्हई? मी तुना पुढे बशेल शे ना!”

गाडीवरच्या शिपायाचा चेहरा उतरला. त्याच पातेल्यातला चहा, दोन वेळा, साठीच्या पुढची बाई, आणि तिला साधी ढेकरही नाही. सवयीप्रमाणे तेच परत विचारलं. तिने तेच परत सांगितलं, वर म्हणाली, “तुना कान वाजतस का रे, जमादार?”

मग मी रात्रीच्या जेवणाकडे वळलो. भाकर-भाजी, ती कसली भाजी?

“मी भाकर आन मिरचीनी चटणी खादी. माले श्रावण शे. त्यास्नी छत्र्यास्नी भाजी करी. मना पोऱ्या म्हने, माय, खाय ना, याले काय हाडूक शे? मी म्हनू, हाडूक नही, पन पाय तं शे ना एक! श्रावणमा पायवालं खाऊ नही.”

छत्र्या म्हणजे रानातली अळंबी. मी कान टवकारले. माझ्या गावाकडे पावसात अळंबी हा सण असतो, पण दर दोन-चार वर्षांनी एखादं घर तिच्यापायी दवाखान्यात जातंच. मी म्हणालो, “अक्का, त्या छत्र्याच विषारी असतील.”

“नही रे भाऊ! मी बरी सोडसू? चांदीना रुप्या टाका व्हता टोपमा. धवळाफेक निंघना. इख राहतं तं काळा पडता. आन किडास्नी खायेल व्हत्यात. किडाले चालस ते मानुसले चालस.”

तिने पेटीतून तो रुपया काढून दाखवला. खरंच लखलखीत. आता आली का पंचाईत! चहा निर्दोष, कारण अक्का धडधाकट. छत्र्या निर्दोष, कारण चांदी पांढरी. मग दोन माणसं आडवी कशाने झाली? मी केळीच्या उपड्या क्रेटवर बसलो आणि डॉक्टर मॅडमला फोन लावला. फोन लावताना मनात हेच, की आपल्यासारख्या सातवी झालेल्या माणसाचं बोलणं ऐकून त्या वैतागतील. त्या वैतागल्या नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि मग बोलल्या.

“काका, चांदीचं डोक्यातून काढून टाका. चांदीला अळंबीचं विष कळत नाही. आणि किडे-गोगलगाई विषारी अळंबीही मजेत खातात. मला सांगा, जेवले कधी आणि उलट्या कधी?”

“जेवले दिवेलागणीनंतर. उलट्या आज सकाळी, चहानंतर.”

“चहानंतर म्हणजे चहामुळे नाही. मधे सबंध रात्र गेली. उशिरा सुरू झालेल्या उलट्यांचीच मला भीती वाटते. अळंबी उरली आहे का? फोटो पाठवा.”

टोपलीत थोडी उरली होती. पांढरीशुभ्र, स्वच्छ, मातीचा कण नाही. शिपायाने फोटो पाठवले. मी एक अळंबी हातात घेऊन फिरवली आणि मला काहीतरी खटकलं.

“मॅडम, एक विचारू का? आमच्या गावाकडे वारुळावरची अळंबी उपटली की खाली हातभर मूळ येतं. हिला बूडच नाही. सगळ्या सपाट कापलेल्या आहेत.”

“अरे, मीही तेच बघतेय!” मॅडमचा आवाज चढला. “बूड कुठंय काका? मला बूडच पाहिजे!”

“अक्का, या कोणी कापल्या?”

“मना पोऱ्यानी. घड कापाना कोयताघाई.”

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. ही केळी कापणारी माणसं. घड कापताना तो जमिनीला टेकू द्यायचा नाही, माती लागली की व्यापारी माल बाजूला काढतो. वर्षानुवर्षं हात तसेच वळलेले. जंगलात छत्री दिसली, तरी उपटणार नाहीत. मातीच्या वर कोयता फिरवायचा आणि स्वच्छ माल टोपलीत. त्यामुळे ओळख पटवणारी जी खूण होती, ती जमिनीतच राहिली होती.

“जागा दाखवाल का, अक्का?”

“चाल! पन पोलिसस्नी गाडीमा बसनू तं गाव काय म्हनी?”

“गाव म्हणेल, अक्का साहेब झाली.”

म्हातारी खुदकन हसली आणि पुढच्या सीटवर चढून बसली. सातपुड्याच्या पायथ्याला, नाल्यापलीकडे झाडांची दाटी होती. आदल्या दिवशी ती मुलासोबत सरपणाला तिथेच आली होती. तिने बोट दाखवलं. आजूबाजूला वारूळ कुठेच नव्हतं. झाडाखाली पाचोळ्यात कापलेले पांढरे बुंधे दिसले, अगदी कापणीनंतरच्या शेतासारखे. पंचांसमक्ष मी खुरप्याने एका बुंध्याभोवतीची माती हलक्या हाताने काढली. खाली मूळ नव्हतं. पांढरी, पातळ वाटी होती, उकडलेल्या अंड्याचं अर्धं टरफल पुरून ठेवावं तशी. दुसरा बुंधा काढला, तिथेही वाटी. तिसरी अळंबी अजून उमललीच नव्हती, सबंध अंड्यासारखी मातीत बसलेली.

फोटो गेले. लगेच मॅडमचा फोन.

“काका, टोपी उलटी करा. खालच्या पापुद्र्यांचा रंग?”

“पांढरा.”

“दांड्यावर झालरीसारखं कडं आहे?”

“आहे, मॅडम.”

“आणि खाली वाटी. म्हणजे ही जीवघेणी जात. माझ्या दोन्ही पेशंटना आत्ताच जळगावला हलवते. या विषाची चाल फार वाईट असते, काका. आधी बराच वेळ काहीच नाही. मग उलट्या-जुलाब. मग माणसाला एकदम बरं वाटतं, तो घरी जातो, जेवतो, आणि तेवढ्यात आतून लिव्हर खराब होत असतं. आता एवढंच सांगा, ही भाजी आणखी कोणी खाल्ली?”

मी अक्काकडे वळलो. ती म्हणाली, “तो साला पोऱ्या! त्यानी तं बठ्ठास्थून जास्त खादी. भाकरघाई टोप पुसी लिधा.”

मी खुरपं तिथेच टाकून उठलो.

“मॅडम, तो आमचा आरोपी आहे. त्याला शोधायला संदेश गेलाय.”

“आरोपी नाही हो, तो माझा तिसरा पेशंट आहे! त्याला बरं वाटत असलं तरी उचलून आणा. बरं वाटत असेल तर आणखी घाई करा.”

मंडळी, नोकरीत मी बऱ्याच वेळा धावलो, पण त्या दिवशीचं धावणं वेगळंच होतं. पोलीस मागावर आहेत असं कळलं तर तो लपणार. जितका चांगला लपेल, तितका लवकर मरणार. म्हणजे आमचाच संदेश त्याच्या जिवावर उठला होता! साहेबांना फोन केला. थोडं अडखळलो, पण सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुमची खात्री आहे?” मी म्हणालो, “साहेब, माझी नाही, मॅडमची आहे. आणि मॅडमवर माझी आहे.” ते हसले आणि दुसरा संदेश गेला, इसम आजारी आहे, मारहाण करू नये, दवाखान्यात दाखल करावं.

पोराच्या गावचा पोलीस पाटील दुसऱ्या दिवशी पहाटे फोनवर सापडला, तेव्हा आमची गाडी चोपड्याच्या पुढे होती.

“कालदी ओकतच उना ना तो,” पाटील म्हणाले. “आते ठणठणीत शे. भाकर खाईसन बैल धवाले गया. तुम्ही कसाले इतला दूर येतस?”

ठणठणीत! एरवी हा शब्द ऐकून बरं वाटतं. मी शिपायाला गाडी आणखी दामटायला सांगितलं. “पाटील, त्याला काही सांगू नका, फक्त नजरेसमोर ठेवा,” मी म्हणालो.

पाटील भला माणूस, पण जोशात आला. आमची गाडी नदीकाठी पोचताच त्याने हात वर करून हाळी दिली, “ए पोऱ्या, पोलीस उनात रे!” झालं. पोराने बैलांचे कासरे सोडले आणि बाजरीत घुसला. शिपाई त्याच्यामागे, मी शिपायामागे, पाटील माझ्यामागे. बाजरी डोक्याच्या वर. कणसं तोंडावर सपासप लागत होती. निवृत्तीला आलेला माणूस मी, बांधावर आपटलो. उठलो तेव्हा कुठेच कुणी हलत नव्हतं. आणि मला एकच दिसत होतं, तो आत दडून बसलाय, आणि त्याचा वेळ संपत चाललाय.

मग सुचलं. जळगावच्या वॉर्डात पहाऱ्याला आमचा एक शिपाई होता. त्याला फोन लावला, म्हणालो, फोन मुकादमाच्या बायकोला दे. तिला सांगितलं, तुझा भाऊ बाजरीत आहे, तू बोल. पाटलांचा फोन मोठ्या आवाजाचा, तो स्पीकरवर करून मी हात उंच धरला. सलाईनवरची ती बाई अशी ओरडली की पलीकडचे बैल कान हलवायला लागले.

“भाऊ! पयू नको रे! ह्या तुले धराले नही उनात, दवाखानामा लई जावाले उनात! छत्र्यास्नी करं बठ्ठं, तू काहीच नही करं! बाहेर ये रे मना दादा!”

बाजरी हलली. बाहेर आला तो चिखलाने माखलेला, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता गयावया करेल. त्याने पहिला प्रश्न विचारला, “दाजी कसा शे?”

“जिवंत आहे. तुझ्या नावाने शिव्या देतोय.”

“मंग बरा शे,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

तरी दवाखान्यात यायला तयार होईना. पोळा आहे, बैल कोण सजवेल? मला आता काहीच दुखत नाही, म्हणे. तेवढ्यात त्याची आई धावत आली. मी तिला मॅडमनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तिने वाद घातला नाही. बैलांचे कासरे हातात घेतले आणि म्हणाली, “बैल मी सजाडसू. तू गाडीमा बस.”

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात मॅडमनी आधीच फोन करून ठेवला होता. डॉक्टर दारात उभे होते. दुपारी रक्ताचा अहवाल आला, लिव्हर बिघडायला लागलेलं होतं. चालत, बोलत, चेष्टा करत आलेला पोरगा संध्याकाळी उठून बसू शकत नव्हता. पुढचे काही दिवस आम्ही ठाण्यात कुणी मोठ्याने हसलो नाही. जळगावात मुकादमालाही मधे बरं वाटलं, तो घरी जायला निघाला होता, तिथल्या डॉक्टरांनी त्याला अक्षरशः खाटेवर धरून ठेवलं. पण तिघेही वाचले. पोरगा सगळ्यात शेवटी उठला.

अहवालात मी ‘अपघाती विषबाधा, कुणाविरुद्ध गुन्हा निष्पन्न होत नाही’ असं लिहिलं. ते वाक्य लिहिताना अक्षर चुकेल ही भीती वाटली नाही. नंतर एकदा झोपड्यांवर गेलो तर चुलीपाशी तोच पोरगा. मुकादमाला विचारत होता, “दाजी, चहा करू का?” मुकादम म्हणाला, “कर. पन पहिले तू पी.” अक्का एवढी हसली की तिला ठसका लागला.

या प्रकरणाने मला पळणाऱ्या माणसाबद्दल शिकवलं. पळतो तो गुन्हेगारच असतो असं नाही, कधी तो फक्त घाबरलेला असतो, आणि कधी त्याला आपलं काय होतंय हेच ठाऊक नसतं. शेवटी जे खाल्लं त्यानेच घात केला असं आजारी माणसालाही वाटतं आणि पोलिसालाही. मागे जावं, आदल्या जेवणापर्यंत जावं. कुणी भाजी म्हणालं तर कसली ते विचारावं. आणि वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, रानातली अळंबी पिढ्यान्‌पिढ्यांच्या पक्क्या ओळखीची नसेल तर खाऊ नका. चांदी, लसूण, किडे यांच्या भरवशावर तर मुळीच नको. शिजवून ते विष जात नाही. खाल्ली गेलीच, तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा, उरलेली अळंबी मुळासकट सोबत न्या, त्या ताटावर जे जे बसले होते त्या सगळ्यांना न्या, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांच्या आधी घरी निघू नका.

मॅडमची बदली आता फार लांब झाली. मी भुसावळलाच असतो, कोकणातलं घर बंद आहे. मधे त्यांना फोन केला, म्हणालो, मॅडम, तुमचं देणं माझ्याकडे राहिलंय. त्या म्हणाल्या, “मग एक काम कराल का, काका? माझे बाबा जामनेरला एकटे असतात. गोळ्या घेतल्या का विचारलं की रोज हो म्हणतात. मला खरं वाटत नाही. तुम्ही दोनदा विचारता ना, तसं कुणीतरी त्यांना समोर बसून विचारायला पाहिजे.”

सध्या माझं गुडघ्याचं दुखणं चालू आहे. पण मॅडम, हे तुम्ही वाचत असाल तर ऐका, गुडघा सरळ झाला की मी जामनेरची गाडी धरणार. बाबांसमोर बसणार, दोनदाच काय, तीनदा विचारणार, आणि खरं काय ते तुम्हाला कळवणार. असं येत-जात राहीन. एका माणसाच्या जिवाचं देणं एका फेरीत फिटायचं नाही, हे मला ठाऊक आहे.